यशवंतकाकांचं ‘दिसला नाय’

जुनी गाडी बघायला गेले की यशवंतकाका मयेकर आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे. बॉनेट कोमट लागलं तर ते उघडायचेच नाहीत; तापलेल्या इंजिनाची दुखणी लपतात. “डॉक्टरकडे न्यायच्या आधी तापाची गोळी देतात, तसं केलंन याने,” असं मालकाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायचे आणि इंजीन पार थंड होईपर्यंत त्याच्याच पायरीवर बसून राहायचे. चहा आला तर प्यायचे. चहामुळे मत बदललं असं मात्र कधी झालं नाही.

काकांची हयात बोटींच्या इंजीनरूममध्ये गेली होती. निवृत्त होऊन रत्नागिरीला आले ते घराशेजारी पत्र्याची शेड घालून बसले. गुडघ्यांनी दगा देईपर्यंत आमच्या भागात कोणी जुनी गाडी घेतली आणि काकांना नेलं नाही, असं क्वचितच झालं असेल. त्यांची उत्तरं तीनच असत: “चांगला आहे”, “गेलेला आहे” आणि “दिसला नाय”. या तिसऱ्या उत्तराने त्यांनी भल्याभल्यांची डोकी फिरवली होती. एकदा माझंही.

आईला उपचारांसाठी दर तीन आठवड्यांनी आंबा घाट चढून कोल्हापूरला न्यावं लागत होतं. एस.टी.चे धक्के तिला सोसेनात, म्हणून मी लांज्याला एक परदेशी बनावटीची जुनी, ऐसपैस गाडी हेरली. गाडी उत्तम, पण तिच्या कूलंटचे पाईप प्लास्टिकचे. वय झालं की ते तडकतात, पाणी सांडतं आणि इंजीन तापून गाडी जागच्या जागी उभी राहते. जपणारे मालक ते बदलून धातूचे घालतात. या मालकाने बदलले होते की नाही, एवढाच माझा प्रश्न होता.

मालकाने पाईप बदलल्याचं बिल पुढे केलं. काकांनी ते न वाचता माझ्या हातात दिलं. “वाचायला मी कशाला? तू शिकलेला आहेस.” मग टॉर्च घेऊन वाकले आणि पुढच्या पाईपवर नखाने टिचकी मारली. “हा धातूचा. चांगला आहे.” मागचा पाईप इंजिनावरच्या मोठ्या डब्याखालून जात होता. अर्धा तास मान वाकडी करून त्यांनी प्रयत्न केला आणि कंबर धरून उभे राहिले. “मागचा दिसला नाय.”

डबा काढून बघू द्यायला मालक तयार नव्हता, आणि संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. आईची तारीख चार दिवसांवर आली होती. मी चिडलो. “काका, पुढचा बदललाय म्हणजे मागचाही बदललाच असेल ना?”

“असेल,” काका म्हणाले. “घे तू गाडी. फक्त आईला बसवू नको.”

मी गाडी घेतली. परतीची सगळी वाट मी धुसफुसत गाडी चालवली. मदतीला नेलेल्या माणसाने आयत्या वेळी अंग काढून घेतलं असं मला वाटत होतं. काकांना घरी सोडलं तेव्हा उतरता उतरता ते म्हणाले, “उद्या सकाळी आण. चालवत आणू नको, ढकलत आण. थंड हवी.”

शेजारच्या दोघांना घेऊन मी ती खरंच ढकलत नेली. सत्तरीचा तो माणूस दिवसभर इंजिनावर ओणवा होता. काढलेला प्रत्येक बोल्ट ते जेवणाच्या ताटात क्रमाने मांडत होते, आणि काकू दारातून ताटाकडे बघून कपाळाला हात लावत होत्या. दुपार कलल्यावर त्यांनी मला हाक मारली. “ये. तू पण बघ.”

मी वाकलो. मागचा पाईप धातूचा होता. नवाकोरा.

मला राहवलं नाही. “म्हणजे होताच बदललेला. तुमचा दिवस फुकट गेला.”

काका खजील होतील असं वाटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता. “फुकट कसा? काल ‘असेल’ होता, आज ‘आहे’ झाला. बोटीवर मी ‘असेल’ म्हटलं की चीफ इंजिनियर मला परत खाली पिटाळायचा. आंबा घाटात तुला कोण पिटाळणार?” मग हात पुसत म्हणाले, “आता आईला बसव.”

दीड वर्ष आई त्या गाडीतून गेली-आली. पुढे औषधं लागू पडेनात, आणि ती घरीच, आपल्या अंथरुणात गेली. यशवंतकाका भेटायला आले. सांत्वनाचं बोलणं त्यांना जमत नसे. त्यांनी विचारलं, “घाटात गाडीच्या तापाचा काटा कधी वर गेला काय रे?”

नाही म्हणणार होतो, पण त्या माणसासमोर न बघितलेलं सांगायची मला लाज वाटली. “पहिल्या दोन खेपांना नजर ठेवली होती, काका. नंतर काट्याकडे बघितलंच नाही. आई मागे झोपायची. आरशातून तिच्याकडेच बघत होतो.”

काकांनी माझा हात हातात घेतला.

“बरं केलंस,” ते म्हणाले.