झाकणावरची खूण

भाऊंना कारखान्यात सगळे तोंडावर भाऊ म्हणायचे आणि पाठीमागे कुलूप. स्टोअरकीपर माणूस. जाळीच्या खिडकीमागे बसून उभी हयात नट, बोल्ट, पट्टे आणि बेअरिंगं वाटली, आणि घेणाऱ्या प्रत्येकाकडे, हा आता हे घरी घेऊन पळणार, अशाच नजरेने पाहिलं. पुष्कळदा ते खरंही निघायचं, हीच तर पंचाईत. एकदा एकाच्या जेवणाच्या डब्यात नवंकोरं बेअरिंग सापडलं, तेव्हापासून भाऊंना जेवायला बसलेला माणूससुद्धा सरळ दिसेना. कानावर शिसपेन्सिल कायम अडकवलेली. पुढे कारखाना बंद पडला, खिडकी गेली, पण पेन्सिल काही कानावरून उतरली नाही.

गाडीही त्या कारखान्यातलीच. मॅनेजरसाहेबांची जुनी काळी गाडी, गोल दिव्यांची, पुढे लांबलचक बॉनेट. तिचा एकेक प्लग, एकेक पट्टा भाऊंच्या हातून गेलेला, पण आत बसायला त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. सामान भंगारात निघालं तेव्हा भाऊंनी ती गाडी घेतली आणि ओढत आणून घरामागच्या शेडमध्ये उभी केली. बायकोने कपाळाला हात लावला. "एवढी वर्षं लोखंडातच गेली, आता घरातही लोखंड," एवढंच म्हणाली. पण आत डोकावून पुढच्या सीटवर हात फिरवून पाहिला तिने. भाऊंनी ते बघितलं होतं.

जुन्या गाडीचं एक असतं. ती एकट्याने दुरुस्त होत नाही. सुटे भाग दुकानात मिळत नाहीत, माणसांकडे मिळतात. तशी तीन माणसं भाऊंच्या शेडमध्ये यायला लागली. एक बेकरीवाला, त्याची गाडी याच बनावटीची, याच वर्षाची. दुसरे दातांचे डॉक्टर, बारीक कामात हात बसलेला. तिसऱ्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, स्वतःची जुनी गाडी स्वतः उघडून स्वतः जोडणाऱ्या. दर रविवारी सकाळी हे तिघं हजर. बाह्या सरसावायच्या, गाडीखाली शिरायचं, हसायचं, भांडायचं, आणि भाऊंच्या बायकोच्या हातचा चहा दोन-दोनदा प्यायचा. बदल्यात काही घ्यायचे नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, नशीबवान माणूस. भाऊंना तसं वाटलं नाही. काही घेत नाहीत म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांना वाटलं.

सगळ्यात जास्त संशय बेकरीवाल्याचा. त्याची गाडी तंतोतंत अशीच, मग त्याला इथलं अस्सल सामान उचलून स्वतःचं झिजलेलं इथे बसवायला कितीसा वेळ? त्याने कार्ब्युरेटर घरी नेला, "भिजत घालून साफ करतो" म्हणाला, तेव्हा भाऊंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण कार्ब्युरेटर बाहेर जाणार हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. आदल्या दिवशीच छोटी तिकोनी कानस घेऊन त्यांनी कार्ब्युरेटरच्या बुडाला दोन रेघा मारून ठेवल्या होत्या, आणि नीट दिसाव्यात म्हणून त्यात पेन्सिलीचं शिसं घासून भरलं होतं. कार्ब्युरेटर परत आला. पुसायच्या निमित्ताने भाऊंनी उलटा करून पाहिला. रेघा जागच्या जागी. बरं वाटायला हवं होतं ना? भाऊंना वाटलं, चोर हुशार आहे, घाई करत नाही.

मग तो नादच लागला. डॉक्टरांनी हेडलाइटची रिंग चकाकी द्यायला नेली, तिच्या आतल्या कडेवर दोन रेघा. बाईंनी आरसा नेला, त्याच्या पाठीवर दोन रेघा. प्रत्येक वस्तू परत आली, प्रत्येक वस्तूवर खूण होती, आणि भाऊंचा संशय काही केल्या कमी होईना.

शेवटी एका रविवारी गाडी सुरू झाली. आणि कशी सुरू झाली. बाई टाळ्या वाजवत होत्या, डॉक्टर गाडीभोवती फिरत होते, भाऊंची बायको दारात उभी राहून हसत होती. लवकरच जुन्या गाड्यांची सहल निघणार होती. बायकोला पुढच्या सीटवर बसवून न्यायचं भाऊंनी तेव्हाच कबूल केलं. फक्त एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपली. बेकरीवाला बॉनेटमध्ये वाकून डिस्ट्रिब्यूटरचं काळं झाकण बघत होता. प्लगांना वीज वाटून देणारं ते झाकण. "हे आता कुठे मिळत नाही हो भाऊ," तो म्हणाला, "जपा याला."

जपा म्हणे. भाऊंनी दुसऱ्या दिवशी झाकण उतरवलं आणि बाजूच्या लोखंडी क्लिपेच्या आड, कुणाच्या नजरेस पडू नये अशा जागी, दोन लांब रेघा ओढल्या. शिसं भरलं. झाकण परत बसवलं.

पुढच्या रविवारी गाडी खोकायला लागली.

सुरू व्हायची, पण एक ठोका चुकायचा, पुन्हा एक ठोका चुकायचा, सगळी गाडी गचके खायची. चौघांनी प्लग बदलले, वायरी बदलल्या, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. बेकरीवाल्याने स्वतःच्या गाडीतली कॉइल काढून इथे लावून बघितली. काही फरक नाही. रविवारमागून रविवार गेले, सहल जवळ आली, आणि माशी नेमकी कुठे शिंकली ते कुणाला कळेना. भाऊंना मात्र कळलं होतं. गाडी चांगली चालत होती तोवर हात लावणारे हेच, आणि बिघडली तेव्हा बॉनेटमध्ये वाकलेला बेकरीवालाच. काहीतरी आतलं बदललंय, जिथे खूण करायची राहिली तिथलंच.

"अहो, ही टेबलावरची काळी भुकटी कसली?" बायकोने एका संध्याकाळी विचारलं. भाऊंनी ती फुंकरीने उडवून दिली. पण ती इतकी वर्षं कुलपाबरोबर संसार केलेली बाई. कानस बघितली, पेन्सिल बघितली, आणि समजायचं ते समजली.

"या घरात कधी कुणी चहाला आलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही येऊच दिलं नाहीत. आता येतात, तर मला आठवडाभर रविवारची वाट बघावीशी वाटते. यांनाही हाकललंत ना, तर मी बोलायचं कुणाशी? त्या गाडीशी?"

भाऊंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण संशय आणि वाईट वाटणं, दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदतात.

सहलीच्या आदल्या रविवारी गाडी पुन्हा तशीच खोकली. बेकरीवाला हात पुसत म्हणाला, "कार्ब्युरेटर परत एकदा नेऊन बघू का?"

"नेलात तेव्हा जो होता तोच परत आणलात ना?" भाऊंच्या तोंडून निघून गेलं.

 डॉक्टर खाली मान घालून पक्कड पुसायला लागले.

"म्हणजे काय, भाऊ?" बेकरीवाल्याने विचारलं.

"म्हणजे तुमची गाडी अशीच आहे. सामान सारखंच. अदलाबदल होऊ शकते, एवढंच म्हणतोय."

बेकरीवाल्याने कापड बॉनेटवर ठेवलं. तो काही बोलणार इतक्यात बाई मध्ये पडल्या. वर्गात दोन मुलांची जुंपली की वापरतात त्या आवाजात त्या म्हणाल्या, "दार लावा. खिडकीवर पोतं टाका. अंधारात एकदा बघू, वीज कुठे गळत असेल तर डोळ्यांना दिसेल. मिनिटभरच."

दार लागलं. बेकरीवाल्याने गाडी सुरू केली. चौघं बॉनेटवर वाकले, आणि चौघांनाही एकाच वेळी दिसलं. काळ्या झाकणावरून एक निळी रेघ सरसर पळत होती, वरून निघून क्लिपेपर्यंत, आणि तिच्या शेजारी दुसरी. प्लगला जायची वीज मधल्यामधे वाट काढून लोखंडात उतरत होती.

गाडी बंद झाली, दार उघडलं. डॉक्टरांनी झाकण काढून उजेडात धरलं, दात बघतात तसं.

"हा तडा नाही," ते म्हणाले. "कानशीने ओढलंय. आणि आत शिसं भरलंय. पेन्सिलीचं. त्यातून वीज जाणारच."

बाईंची नजर भाऊंच्या कानावर गेली. मग त्यांनी आपण पॉलिश केलेला आरसा फिरवून त्याची पाठ बघितली. डॉक्टरांनी दिव्याच्या रिंगेखालून बोट फिरवलं, आणि बोट मध्येच थांबलं. भाऊंना तिथल्या तिथे जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. दारात बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कुणीच कप उचलला नाही.

बेकरीवाला बाहेर गेला. स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून त्याने तिचं झाकण काढलं, आत येऊन भाऊंच्या गाडीला बसवलं आणि किल्ली फिरवली. गाडी लोण्यासारखी चालली.

"हे झाकण माझं आहे," तो भाऊंना म्हणाला. "खूण करायची असेल तर आत्ताच करून घ्या. मी थांबतो."

भाऊंना मान वर करवेना. बेकरीवाला खरंच थोडा वेळ थांबला, मग निघाला. त्याची गाडी आता जागची हलणार नव्हती. डॉक्टरांनी ती दोर बांधून आपल्या गाडीमागून ओढत नेली. बाई भाऊंच्या बायकोला "येते" म्हणाल्या, भाऊंना नाही.

तो आठवडा कसा गेला ते भाऊंनाच ठाऊक. बायको अवाक्षर बोलली नाही, आणि ते टोमण्यापेक्षा वाईट होतं. सहलीच्या सकाळी ती तयार होऊन पुढच्या सीटवर येऊन बसली. मागची सीट रिकामी. भाऊंनी गाडी बाहेर काढली. एकही ठोका चुकत नव्हता, आणि प्रत्येक ठोका त्यांना बोचत होता. नाक्यावर सहलीचा रस्ता उजवीकडे होता. भाऊंनी गाडी डावीकडे वळवली.

बेकरी उघडी होती. बेकरीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला, आणि गाडी बघून उंबऱ्यातच थांबला.

"मी तुम्हाला चोर समजलो," भाऊ म्हणाले.  "मला लाज वाटते. माफ करा."

"ते मला पहिल्यापासून माहीत होतं," बेकरीवाला म्हणाला. "कार्ब्युरेटर धुताना रेघा दिसल्या होत्या."

"मग तरी येत राहिलात? कशाला?"

"गाडी चांगली आहे." त्याने हात झटकले. "फक्त झाकणावरही ओरखडाल इतके वेडे असाल असं वाटलं नव्हतं. आणि चारचौघांत तोंडावर तसं म्हणाल असंही."

भाऊंनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. शेडची, घराची, सगळ्या किल्ल्या त्यात. त्यातली शेडची सोडवून त्यांनी पुढे केली. बेकरीवाला तिच्याकडे नुसता बघत राहिला, घेतली नाही. भाऊंचा हात तसाच हवेत.

"दार उघडा हो मागचं," बायको गाडीतून म्हणाली. "उन्हात उभं करून ठेवलंत त्यांना."

बेकरीवाला आत गेला, दुकान मुलीवर सोपवलं, हात धुतले, आणि येऊन मागे बसला.  भाऊ आरशात बघायचे, त्याची नजर खिडकीबाहेर. आता हा झाकण काढून नेणार, आज नाही तर उद्या, असं भाऊंच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. न्यायलाच हवं होतं त्याने, त्याचंच होतं ते.

चढावर भाऊंनी तिसरा गिअर टाकला.

"तिसऱ्याला आवाज येतोय," मागून बेकरीवाला म्हणाला.

"हो?"

"हो. पुढच्या रविवारी उघडून बघू."

भाऊंनी मान हलवली. 

"तुमचा चहा कमी साखरेचा ना?" बायकोने मागे न बघता विचारलं.

"हो वहिनी," बेकरीवाला म्हणाला.