तात्यांचं नाव दगडावर

त्या सकाळची आठवण आली की आधी धुकं दिसतं आणि मग त्यातून येणारा तो गोडसर, किंचित जळका वास. पारगावचा साखर कारखाना चालू असला आणि वारा आमच्या बाजूचा असला की तो वास गावभर फिरतो. मला त्या वासात नेहमीच झोप येते. खरं सांगायचं तर आमच्या स्मारकाचं अनावरण मी जागेपणी पाहिलं की झोपेत, असा प्रश्न मला अजून पडतो.

मी आदल्या दिवशीच पुण्याहून आले होते. चौकात वडाखाली फौजेत गेलेल्या माणसांचं स्मारक उभं राहिलं होतं, आणि तात्या, म्हणजे माझे चुलते, पहिल्या रांगेत बसणार होते. तात्या फौजेतले रिटायर हवालदार. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली. बोलता बोलता ते मध्येच कुठंतरी निघून जातात आणि चहा गार झाला की परत येतात. मीही तशीच आहे. चुलत्याची खोड पुतणीत उतरलीय, असं काकी म्हणते, आणि हे ती कौतुकानं म्हणत नाही.

काकीचं मात्र त्या दिवशी डोकं फिरलेलं होतं. गावानं ठरवलं होतं की जे जे फौजेत गेले त्या सगळ्यांची नावं दगडावर कोरायची. गेलेल्यांची आणि असलेल्यांचीही, भरतीच्या क्रमानं. विचार चांगलाच होता. फक्त घरातल्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

"माणूस हितं ओट्यावर चा पितोय, अन् नाव दगडावर?" काकी मला म्हणाली. "दगडावर कुनाचं नाव घालत्यात, एवढं बी कळंना व्हय गावाला? जा, सांग तुज्या तात्याला. पुसून टाका म्हनावं."

"कोरलेलं नाव पुसता येत नाही, काकी."

"मग शिमिट भरा त्यात."

मला हसू आलं, पण तिचे डोळे पाहिले आणि ते गिळलं. ती भ्यायली होती. दोघंच राहतात ती, आणि हिवाळ्यात तात्यांचा खोकला वाढतो.

मी ओट्यावर जाऊन तात्यांना काकीचं म्हणणं सांगितलं. ते समोरच्या कांद्याच्या शेताकडं बघत राहिले. धुक्यात ते शेत कुठं संपतं ते कळत नव्हतं.

"माज्या शेजारी कुनाचं नाव हाय, बगितलं का?" त्यांनी विचारलं.

तो त्यांचा जोडीदार. गल्लीतलाच. दोघं एकाच एसटीनं भरतीला गेले, एकाच पलटणीत लागले. एक परत आला. दुसऱ्याला तिकडंच, सरहद्दीवर, अग्नी दिला. त्या काळी तसंच होतं. घरी फक्त त्याची ट्रंक आली. तात्यांचं लग्न त्यानंतरचं, त्यामुळं काकीनं त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

"मला बसू दे त्याच्याजवळ," तात्या म्हणाले. "शिमिट न्हाई भरायची."

काकी दारातून ऐकत होती. ती आत गेली.

पाहुणे उशिरा आले, तोवर ऊन धुक्यात मुरायला लागलं होतं. माइकवाला 'हॅलो, हॅलो' करून दमला होता. तात्या कोट घालून, छातीवर पदकं लावून बसले होते आणि बहुतेक तिथं नव्हते. मी आणि काकी बायकांत बसलो. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला. टाळ्या वाजल्या.

पडद्यामागं मांडववाल्यानं झेंडूचा एक लांबलचक हार आधीच लावून ठेवला होता. सगळ्या नावांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बिचाऱ्यानं शोभेसाठी लावला असणार. पण असा हार आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या फोटोलाच घालतात. काकीनं माझा हात घट्ट धरला.

"घातला गं हार त्यांच्या नावाला," ती म्हणाली.

आणि उठली. चौकासमोरच्या एका घरात शिरली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात बाजरीची भाकरी होती, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. भाषण चालू होतं. ती सरळ चौथऱ्यावर चढली. लांबून घरी आलेल्या माणसावरून दारात भाकरतुकडा उतरवून टाकायची आमच्याकडं पद्धत आहे. वाटेत मागं लागलेलं काही असेल तर ते उंबऱ्याबाहेर राहावं म्हणून. काकीनं तात्यांच्या नावावरून हार वर सरकवला, भाकरीचा तुकडा मोडून नावावरून ओवाळला आणि बाजूला टाकला. थोडं पाणी पायरीवर ओतलं. भाषण थांबलं. मला तर तेवढ्या वेळात तो दगड एखाद्या घराच्या दारासारखाच दिसायला लागला होता.

तात्या उठले. काठी टेकत हळूहळू चौथऱ्याशी गेले. आता ते काकीवर ओरडणार, या धास्तीनं मी उभीच राहिले. त्यांनी शेजारच्या नावावर बोट ठेवलं.

"त्याच्यावरनं बी उतरीव," ते म्हणाले. "त्यो अजून घरी आला न्हाई."

मला रडू फुटलं. काकीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग त्या नावाकडं. उरलेल्या भाकरीतला मोठा तुकडा मोडून तिनं तो नावावरून तीनदा ओवाळला. तांब्यातलं राहिलेलं पाणी ओतलं. मग डोक्यावरचा पदर नीट करून, कधीही न पाहिलेल्या त्या माणसाला ती म्हणाली, "या भावजी, घरात या."