आप्पांच्या श्वासासाठी दुसरी बॅटरी

हा ब्लॉग डोंगरवाटांचा आहे, पण यावेळी प्रवास शिरूरहून दौंड आणि परत एवढाच. चढ म्हणावा असा एकही नाही. तरी वाचा, कारण ऑफ-रोड गाडीत दुसरी बॅटरी कोणती बसवावी, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय. मी चुकीची बसवली, त्याची ही गोष्ट.

माझे सासरे, आप्पा, दौंडला राहतात. रेल्वेत गार्ड होते. आता फुप्फुसं थकली आहेत, हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन सतत लागतं, आणि मशीनला वीज लागते. म्हणजे आप्पा सॉकेटपाशी बांधलेले. मन मात्र शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये, आप्पांच्या भाषेत देवळात. तिथे कापणीचा सण होतो. लोक शेतातलं, परसातलं जे असेल ते देवापुढे आणतात. ज्वारीची पोती, भोपळे, कोंबड्या, लोणच्याच्या बरण्या. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. तो पुकारायचे आप्पा. मेथीच्या जुडीसाठी दोन भाऊबंदांना भिडवून ते असा भाव काढायचे की पाळकसाहेबसुद्धा पोट धरून हसत. गेली काही वर्षं त्यांना जाता आलं नव्हतं. यंदा डॉक्टर म्हणाले, नेता आलं तर न्या, पुढच्या वर्षाचं मी बोलत नाही. मी म्हटलं, माझ्या जुन्या जीपमध्ये दुसरी बॅटरी बसवतो, मशीन तिच्यावर चालेल.

गणित अवघड नाही. गाडीच्या मूळ बॅटरीवर मशीन चालवलं तर ती उतरते आणि गाडीच सुरू होत नाही. म्हणून दुसरी हवी. इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज होतात, बंद झालं की मधला रिले दोघींना वेगळं करतो. माझ्या बॉनेटखाली जागा नसल्याने दुसरी मागच्या सीटशेजारी ठेवायची होती. माणसं बसतात तिथे बॅटरी ठेवायची तर ती सीलबंद हवी, शक्यतो लिथियम. महाग पडते, पण हलकी असते, सांडत नाही, वास मारत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पुण्यात एक बघूनही ठेवली होती.

शनिवारी मी आणि बायको रिबेका न्हावरा-चौफुला मार्गे दौंडला पोचलो. मोठा रस्ता, गुळगुळीत, वाटेत मिसळ बरी मिळते. दारात आप्पा खुर्चीत बसलेले, नाकात नळी, आणि पायाशी एक नवीकोरी बॅटरी. लाल रिबिनीसकट. घरोघरी इन्व्हर्टरला असते ती, उंच, जड, पाणी टाकायची.

"जावईबापू, लग्नात तुम्ही काही घेतलं न्हाई," आप्पा म्हणाले. "घड्याळ न्हाई का अंगठी न्हाई. आता हे घ्यावंच लागंल."

"आप्पा, ही घरातली झाली. गाडीला वेगळी लागते."

"आशीच येक धा वर्सं घरात चालली, येकदा न्हाई दगा दिला. उचलून बघा की. वजन हाय म्हंजी माल हाय."

रिबेकाने मला डोळ्यांनी गप्प केलं. सासऱ्याने हौसेने दिलेला आहेर जावयाने दुकानात परत पाठवायचा, हे आमच्याकडे कुणाला जमलेलं नाही. मलाही जमलं नाही. दुपारभर खपून ती पट्ट्यांनी आवळली, फ्यूज घातला, अंगणातच मशीन लावून पाहिलं. मशीन झकास चाललं. आप्पा गाडीत बसून गावातल्या एकेकाचं नाव घेत राहिले, कोण किती चिवट बोली लावतो त्याचं. त्यांना इतकं खूश मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी निघालो. आप्पांच्या मांडीवर त्यांच्या परसातला दुधी भोपळा, लिलावासाठी. "मांडवगण फराट्यावरनं घ्या," ते म्हणाले, "तिकडचा ऊस बघीन जरा." रस्ता अरुंद, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला. साध्या गाडीने जाणार असाल तर टाळा. जीपला त्याचं काही नव्हतं, बॅटरीला होतं. खड्ड्यागणिक आतलं आम्ल डचमळत होतं, त्यात चार्ज होताना तिला वाफ सुटत होती. मांडवगणच्या अलीकडे आधी वास आला, मग आप्पांना खोकला. काचा उघडल्या तर ट्रॉलीची धूळ आत. खोकला थांबेना. ओठ निळसर झाले तेव्हा रिबेका ओरडली आणि मी गाडी एका वड्याच्या टपरीशी थांबवली.

सोबत जपून आणलेला ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर आप्पांना लावला आणि त्यांना उघड्यावर, सावलीत बसवलं. बॅटरीच्या झाकणातून आम्ल गाडीच्या पत्र्यावर ओघळलं होतं. टपरीवाल्याकडून खायचा सोडा मागून घेतला आणि आम्ल मरावं म्हणून त्यावर ओतला. बॅटरी सोडवून बाहेर काढली.

"शिरूर किती ऱ्हायलं?" आप्पांनी विचारलं.

"निम्मं," मी म्हटलं.

"आन् ह्यो सिलेंडर?"

रिबेकाने काटा पाहिला. "आप्पा, निम्म्या वाटेपुरताच आहे. पुढे गेलो आणि गाडी कुठे अडकली तर तुमचा दवाखाना मागे राहील."

आप्पांनी उसाकडे पाहिलं. मग म्हणाले, "घ्या मागं." त्यांनी प्रेमाने दिलेली वस्तू त्यांच्याच छातीवर उठली होती, आणि ती उठू शकते हे माहीत असलेला माणूस तिथे मी एकटाच होतो.

त्यांना दौंडला सोडलं, रिबेका त्यांच्याजवळ थांबली, आणि भोपळा घेऊन मी शिरूर गाठलं. लिलाव संपत आला होता. "सलाम, आप्पा कुठंय?" असा आमच्यातला नमस्कार घालत ज्याने त्याने विचारलं. भोपळा आप्पांचा म्हटल्यावर बोली चढत गेली. मी तिथून उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

पुढच्या आठवड्यात लिथियम बसवली. तिच्या चार्जरसह खर्च आहेराच्या तिपटीवर गेला. वास नाही, गळती नाही, त्याच रस्त्याने मुद्दाम हाणली तरी चाचणीसाठी भाड्याने आणलेल्या मशीनचा सूर बदलला नाही. तसाच आप्पांकडे गेलो.

"चला आप्पा, आत्ता जाऊन येऊ शिरूरला."

आप्पांनी बॅटरीवर हात फिरवला. "ब्येस हाय," म्हणाले. "पर आता काय करू तिथं जाऊन? रिकामं देऊळ मी बघितल्यालं हाय. माणसं बघायची व्हती."

घरी आलो. रिबेकाने विचारलं, एवढी महाग बॅटरी गाडीत नुसती कशाला ठेवायची, काढून विकू या का. मी नको म्हटलं. पुढचा सण यायला वर्ष आहे, तोवर जपून ठेवीन. ही वर्षभर टिकेल, तेवढी खात्री आहे मला. टिकायचं आहे ते आप्पांना, आणि ते मला आणि रिबेकाला, दोघांनाही कळतं म्हणून आम्ही त्या विषयावर बोलत नाही.