मिठाचे ठिपके

तुर्भ्याच्या प्रेसमध्ये मुख्तार पेणकरांची एक सवय सगळ्यांना पाठ होती. मशीनमधून कागद बाहेर पडू लागले की मधलाच एखादा उचलायचा, ट्यूबलाइटखाली तिरपा धरायचा आणि त्यावर तिळाएवढा जरी ठिपका दिसला तरी मशीन थांबवायचं. औषधांच्या खोक्यांवर ठिपका गेल्यानं कुणाचा ताप वाढणार होता? पण बावीस वर्षांत त्यांच्या हातून ठिपक्याचा कागद बाहेर गेला नव्हता. मालक सुधीर गद्रे वैतागून म्हणायचे, "मुख्तारभाई, चंद्र तुम्ही छापला असता ना, तर त्याच्यावरचा डागसुद्धा राहिला नसता."

पंच्याण्णव साली त्यांच्या हातांनी दगा दिला. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या, कातडी सोलून निघू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, शाई बंद, ती पुसायचं रॉकेल बंद. सुधीरभाऊंनी त्यांना मशीनवरून उठवून कागदाच्या गोदामात बसवलं. पगार तोच, मान तोच. पण संध्याकाळी नेरूळला घरी आले की मुख्तारभाई सवयीनं बेसिनशी जात, नळ सोडत, आणि धुण्यासारखं हाताला काहीच लागलेलं नाही हे लक्षात येऊन तसेच उभे राहत.

अशाच एका संध्याकाळी त्यांना वडिलांचे हात आठवले. श्रीवर्धनकडे वडील मासेमारीची जाळी ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवायचे. त्यांचे हात आठवडाभर तपकिरी असत, पण भेग कधी पडली नव्हती. मुख्तारभाईंनी गावी बहिणीला पत्र टाकलं. पंधरा दिवसांत एस.टी.नं सालीचं पोतं हजर.

"ह्या टोपात मी ईदची बिर्याणी केलेली," त्यांची बायको नूरी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आता झाडाचा रस्सा खायचा काय आमी?"

"दोन तास दे टोप."

"दोन तास म्हनता आनि जन्माचा नेता."

साल उकळली. खाडीच्या वाऱ्यानं गंजलेली खिडकीची बिजागरी त्यात पडली आणि तिच्या गंजानं तपकिरी काढा बघता बघता शाईसारखा काळा झाला. प्रेसमधल्या टाकाऊ रबरी रुळानं त्यांनी ती शाई झाडाच्या एका पानावर फिरवली, वर कागद ठेवला आणि वाटीच्या बुडानं दाबला. कागद उचलला तर पानाची शीर न् शीर उमटलेली. हाताची आग होत नव्हती. मुख्तारभाई एकटेच हसले.

त्याच सुमारास हुदाचा, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा, पनवेलच्या शोएबशी निकाह ठरला. अडीचशे कार्डं लागणार होती.

"मजकूर प्रेसवर छापू. वरच्या बाजूला झाडाचं पान मी घरी छापतो, एकेक, हातानं," ते म्हणाले.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली हुदा दचकलीच. "अब्बा, माझ्या मैत्रिणींची कार्डं सोनेरी होती. पनवेलची मानसं म्हनतील, बापानं पैसे वाचवले."

"एक नमुना करतो. शोकेसवर आठ दिवस ठेव. पसंत पडला तर छापीन, नाहीतर तुझं सोनेरी."

"ठरलं," हुदा म्हणाली. आपण जिंकणार, याची तिला खात्री होती.

खाडीवरून तिवराची पानं आणून त्यांनी नळाखाली स्वच्छ धुतली. शाई पातळ होती, पसरत होती. तिला अंग यावं म्हणून त्यांनी प्रेसमधल्या म्हाताऱ्या बाइंडर हौसेरावांना विचारलं. "गुळाचा पाक घाला की," हौसेराव म्हणाले. नमुना देखणा झाला. तिसऱ्या दिवशी मात्र शोकेसवर मुंग्यांची रांग लागली. पानाच्या कडेकडेनं, शिरांवरून, देठापर्यंत मुंग्याच मुंग्या.

"अब्बा, वऱ्हाड आधीच जेवायला बसलं!" हुदा हसून हसून लाल झाली.

मुख्तारभाई हसले नाहीत. त्यांनी कार्ड उचलून झटकलं. "अजून एक करा," हुदा हळूच म्हणाली. "आठ दिवस पहिल्यापासनं मोजू."

गूळ गेला. नूरीनं चिंचोके भाजून, भिजवून, वाटून त्यांची खळ करून दिली. "आधी मला विचारायचं, हौसेरावांना काय विचारता?" शाईला छान अंग आलं. त्या रविवारी दुपारी सोसायटीचं पाणी गेलेलं. पानं धुवायला थेंब नव्हता. तशीच शाई फिरवली, कागद दाबला, उचलला, आणि मुख्तारभाईंनी तो सवयीनं तिरपा धरला. काळ्या पानावर सगळीकडे बारीक पांढरे ठिपके.

दुसरं केलं. ठिपके. तिसरं, तेच. ओळीनं सहा कागद त्यांनी रद्दीच्या टोपलीत टाकले. नूरीनं उरलेल्या पानावर बोट फिरवून जिभेला लावलं.

"मीठ हाय. खाडीचं झाड ते. अंगातलं मीठ पानावर टाकतं. इतकी वर्षं किनाऱ्यावर राहून माहीत नाय तुमाला?"

"पाणी आलं की धुऊन परत करतो," ते खालमानेनं म्हणाले.

तोवर हुदानं टोपलीतला एक कागद काढून सरळ केला होता. ती तो खिडकीशी घेऊन गेली.

"धुतलेलं पान कॉलेजच्या वहीत चिकटवल्यासारखं दिसत होतं, अब्बा. हे बघा. निकाहच्या दारात पाहुण्यांवर गुलाबपानी शिंपडतात ना, तसं झालंय."

"ठिपके आहेत गं त्याच्यावर."

"म्हनूनच. मला अशी अडीचशे पायजेत."

"आठ दिवस?"

"राहू दे ते."

मग दर रविवारी उन्हं वर आली की मुख्तारभाई खाडीवर जात. पानांवरचं मीठ सुकून पांढरं दिसू लागलं की ती खुडत आणि मीठ झडू नये म्हणून ताटात एकेक मांडून आणत. नूरी पान देई, ते छापत, हुदा दोरीवर वाळत घाली. दोनशे कार्डांच्या पुढे गेल्यावर एक नितळ निघालं, काळंभोर, शिरा कोरल्यासारख्या. मुख्तारभाईंनी ते खिडकीशी नेऊन तिरपं धरलं, नीट पाहिलं आणि रद्दीच्या टोपलीत टाकलं.

"अवो, चांगलं होतं की!" नूरी ओरडली.

"ठिपका नाही," ते म्हणाले आणि पुढच्या पानासाठी हात पुढे केला.