नानांना सांगायचं कोणी?

नर्सरीत गिऱ्हाईक रोप न्यायला येतं आणि जाताना एखादी गोष्ट ठेवून जातं. अठरा वर्षांत इतक्या साठल्यात की ठेवायला कुंड्या पुरायच्या नाहीत. पण गेल्या वर्षी आम्ही अकाउंटंट बदलला, आणि त्या एका वर्षाने आधीच्या सतरा वर्षांना मागे टाकलं.

आमची नर्सरी पळसदरीच्या रस्त्याला. रोपं आणि गिऱ्हाइकं मी बघते, माझा नवरा संदेश टेंपो बघतो, आणि हिशोब बघायचे नाना. नाना म्हणजे माझ्या सासऱ्यांचे शाळेपासूनचे दोस्त. कर्जतला एका सोसायटीत क्लार्क होते, निवृत्त झाल्यावर अर्ध्या गावाचे रिटर्न भरायला लागले. सासरे गेले त्याच्या तेराव्याला मला म्हणाले, "हिशोबाची काळजी करू नको, सूनबाई. मी हाय." आणि होतेच. फी विचारली की म्हणायचे, "पैसं कशाला? एक आंब्याचं कलम दे." दरवर्षी एक कलम. पैसे घेत असते ना, तर सोडणं फार सोपं गेलं असतं.

मग खालापूरच्या बाजूला एका रिसॉर्टच्या बागेचं काम मिळालं. मॅनेजर म्हणाला, जीएसटीचं बिल द्या, नाहीतर काम दुसऱ्याला जाईल. मी नानांकडे गेले.

"झाडाला कसला गं जीएसटी?" नाना म्हणाले.

झाडाला नाही हे खरं. पण कुंड्यांना आहे, लॉन घालायच्या कामाला आहे. तसं म्हटल्यावर नाना म्हणाले, "पुढच्या साली बघू," आणि पंखा वाढवून आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी मी खालापूर गाठलं. तिथे झेरॉक्सच्या दुकानाच्या वरती श्वेताचं ऑफिस आहे. तिशीतली पोरगी, बोलणं कमी, विचारणं जास्त. तिच्याकडे जायचं हे ठरवायला मला अर्धा तास लागला. नानांना ते सांगायला सात महिने लागले. सासरे गेल्यापासून कर्जतमध्ये हक्काने चहा मागावा असं नानांचं एकच घर राहिलंय, आणि ते मला घालवायचं नव्हतं.

*

श्वेताने पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, स्टॉक किती?"

नानांच्या काळात स्टॉक घ्यायची पद्धत अशी: मार्चअखेर नाना फाटकात उभे राहायचे, डोळ्यांवर हात धरून एकदा लांबवर बघायचे आणि म्हणायचे, "लिही, पाच हजार." पाऊस कमी झाला असेल तर साडेचार.

श्वेता म्हणाली, मोजा. मी हिरामावशींना कामाला लावलं. हिरामावशी आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत, रोप नुसतं हातात घेऊन त्याचं दुखणं सांगतात. तासाभराने त्या एक मान टाकलेलं जास्वंदीचं रोप घेऊन आल्या. "ह्याला जितं धरू का मेलेलं?"

मी श्वेताला फोन लावला. ती म्हणाली, "जगणार असेल तर धरा."

हिरामावशींनी फोन माझ्या हातातून घेतला. "बाय, जगंल का मरंल ते मी सांगते परवा. तवर तुमचा कागद थांबंल का?"

कागद थांबला. तिसऱ्या दिवशी श्वेता स्वतः आली, दुपारभर चिखलात फिरली आणि मोजणी पुरी केली. पाच हजार नव्हती, अकरा हजार दोनशे होती. नाना आम्हाला इतकी वर्षं गरीबच समजत होते. जाताना तिने चार मोगरे घेतले, पैसे दिले आणि हात पुढे करून म्हणाली, "बिल?"

बिलबुक अजून छापून आलं नव्हतं. आमच्या नव्या अकाउंटंटला पहिलं बिल आम्ही लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहून दिलं. तिने ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "फ्रेम करून लावते ऑफिसात."

*

नानांना सांगायचं काम आधी संदेशवर टाकलं होतं. पुरुषाने पुरुषाशी बोलावं, असं तोच म्हणाला होता. सकाळी दहाला गेला, एकला परत आला.

"सांगितलंस?"

"विषयच निघाला नाही गं. काकूंनी वालाचं बिरडं केलेलं, मग जेवूनच आलो."

"तीन तास काय बोललात मग?"

"पुढच्या वर्षाचं ठरवलं. नाना म्हणाले या खेपेला केसरचं कलम दे. मी हो म्हणालो."

त्या दिवसानंतर पुरुषांचं पुरुषांशी बोलणं मी बंद केलं.

*

मधेच निराळीच पंचाईत झाली. आमच्या इन्कम टॅक्सच्या खात्यावर मोबाइल नंबर नानांचा होता. श्वेताने आत जायचं म्हटलं की ओटीपी जाणार नानांच्या फोनवर, तोही दहा मिनिटांपुरता. मी ठरवलं, दुपारी दोनला करायचं. त्या वेळी नाना झोपलेले असतात आणि फोन काकू उचलतात.

"काकू, नानांच्या फोनवर एक आकडा आलाय का बघता?"

"आलाय. थांब गं, चष्मा घेते." मग बराच वेळ नुसती भांड्यांची खडखड. श्वेता घड्याळाकडे बघतेय, मी श्वेताकडे. शेवटी काकूंनी सहा आकडे एकेक करून वाचले, देवाची आरती म्हणावी तसे, न चुकता. श्वेताने तिथल्या तिथे नंबर बदलून माझा घातला.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात काकूंचा आवाज खाली आला. "नवीन बगितलीस ना कुनी?"

मी हळूच हो म्हटलं.

"बरं केलंस. ह्यांना आता दिसत नाय नीट. दोन आकडे माज्याकडून वाचून घेतात आन रागावतात पन माज्यावरच. मी कायबी बोललेली नाय हां."

*

सगळ्यात अवघड वेळ आली खालापूरला. तहसील कचेरीसमोर मी आणि श्वेता चहा पीत होतो, आणि समोरून नाना आले. त्यांच्या इकडच्या जमिनीचा सातबारा काढायला आले होते. पळून जायला जागा नव्हती.

"ही कोन गं?"

"माझी मावसबहीण," मी म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं.

नाना बाकावर टेकले. मावसबहीण काय करते म्हणून विचारलं. श्वेताने प्रामाणिकपणे सांगितलं, हिशोबाचं काम. झालं. नानांनी अर्धा तास तिला टॅक्स समजावून सांगितला, बोटांवर मोजून, उदाहरणं देऊन. ती "हो काका, हो काका" म्हणत ऐकत राहिली. उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाले, "पोरगी हुशार हाय. हिच्याकडं ध्यान दे, पुढं जाईल."

नाना गेल्यावर मी मान खाली घालून विचारलं, "काय काय चुकीचं सांगितलं?"

"बरेचसे नियम जुने झालेत," श्वेता म्हणाली. "पण कुंड्यांचा धंदा रोपांत मिसळू नका, वेगळी वही ठेवा, असं म्हणाले ना, ते अगदी बरोबर आहे. उद्यापासून तसंच करू."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्या रात्री संदेशला मी सांगितलं, रविवारी मी जाते आणि एकटी जाते.

*

रविवारी गेले. नाना ओट्यावर बसले होते. काकू चहा टाकायला आत गेल्या आणि आतच राहिल्या. मी वळसा न घालता सांगून टाकलं. म्हटलं, नाना, रिसॉर्टचं काम मिळालं, बिलांचं वाढलं, मी श्वेताला धरलंय. ती माझी मावसबहीण नाही. खोटं बोलले, चुकले. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, पण या घराचं दार मला बंद करू नका.

नाना रस्त्याकडे बघत बसले. एक टमटम गेली, मग दुसरी गेली. मग उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मला वाटलं, आता सगळं संपलं.

बाहेर आले तेव्हा हातात आमच्या फायलींचा गठ्ठा होता. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा, वर्षवार लावलेला, सुतळीने बांधलेला. एक कागद इकडचा तिकडे नव्हता. माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मोजून घे."

मोजायचं काय त्यात? मी तसाच उचलला. तर खाली आणखी एक फाइल होती, पातळ, वर नाव नसलेली.

"ही कुणाची, नाना?"

नानांनी एकदा दाराकडे बघितलं. मग खाली वाकून, हळू आवाजात म्हणाले,

"माजी हाय. चार सालं भरायची राहिलीत. विचारशील का तिला, मला घेईल का?"