वैशालीच्या वीस गोट्या

नोंदवहीत लिहिता येत नाही असं बरंच काही आमच्या लॅबमध्ये घडतं आणि चहाच्या वेळी बाहेर येतं. सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून पंधरा वर्षं काढली, पण वैशालीच्या पीएचडीच्या शेवटच्या वर्षासारखं वर्ष पुन्हा आलं नाही!

प्रयोग तसा सोपा. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केल्याशिवाय ज्यांना राहवत नाही, अशा माणसांसाठीचं औषध उंदरांवर तपासायचं. पेटीतल्या भुशावर वीस गोट्या मांडायच्या आणि उंदीर सोडायचा. तो उकरत बसतो, गोट्या पुरतो. औषधानं पुरणं कमी झालं की वैशाली जिंकली.

*

गोट्या घ्यायला आम्ही जुळे सोलापुरातल्या खेळण्यांच्या दुकानात गेलो.

"लेकरं किती हायत ताई?" दुकानदारानं विचारलं.

"चोवीस," वैशाली म्हणाली.

"चोवीस?"

"उंदीर हो!" मी घाईनं म्हणालो.

त्यानं गोट्या बांधून दिल्या आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत मान वर केली नाही.

*

उंदीर सोडला की अर्धा तास चिडीचूप. एकदा नेमकी गाइड सरांना शिंक आली. साठीला टेकलेला माणूस नाक दाबून दोन जिने उतरत पार्किंगमध्ये पळाला! तरी ती शिंक वर ऐकू आलीच. उंदीर थबकला. सर परत आले तेव्हा वैशालीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की सॉरी सरांनीच म्हटलं.

*

पहिल्या चोवीस उंदरांत घात झाला. तुलनेसाठी औषध न दिलेल्यांनी तरी गोट्या पुरायला हव्यात ना? त्यांनी एकीलाही हात लावला नाही!

उंदरांची देखभाल रामुलूमामांकडे. त्यांच्या घरी यंत्रमाग. मामा चाचरत म्हणाले, "खालच्या कप्प्यातली लेकरं लई कुडकुडत व्हती की मॅडम. मागावरचं उरलेलं सूत घातलं थोडं."

खालच्या कप्प्यात नेमके औषध न दिलेले! सूत मिळाल्यावर ते घरटी बांधून बांधून सुस्तावले होते.

मला मामांचा भयंकर राग आला. वैशाली मात्र ओरडली नाही, नुसती रडली. आता परवानगी होती ती आणखी चोवीस उंदरांचीच. तेही फुकट गेले असते तर पीएचडी संपली होती.

*

मग तिनं उंदरांच्या खोलीच्या कुलपाचा ध्यास घेतला. घरी निघायची आणि ते नीट लागलंय का बघायला कोपऱ्यावरून रिक्षा परत वळवायला लावायची. तिसऱ्या फेरीला रिक्षावाले सलीमभाई वैतागले.

"तुम बैठो आपा, मैं देखके आतूं." ते धापा टाकत वर जाऊन आले. "लगा है ताला."

वैशालीनं रिक्षातून मान बाहेर काढली. मग म्हणाली, "ओढून पाहिलंत?"

*

दुसऱ्या खेपेला आकडे हवे तसे आले. उरली तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक स्वतःची गाडी चालवत आले होते. दोन तास त्यांनी तिला सोलून काढलं. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "उंदीर नाइलाजानं उकरतो हे कशावरून? त्याला मजाही येत असेल!"

सर छताकडे बघायला लागले. चार वर्षं त्या एका प्रश्नावर येऊन थांबली होती.

वैशाली हळूच म्हणाली, "उंदराचं खात्रीनं नाही सांगता येणार, सर. पण प्रत्येक पेटीतल्या गोट्या मी अकरा अकरा वेळा मोजल्यात. मजा एकदाही आली नाही."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "एक मिनिट हं," म्हणून ते उठले आणि जिना उतरून गेले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. त्यांनी पार्किंगमध्ये जाऊन आपल्या गाडीचं दार ओढून पाहिलं. दोनदा. चार पावलं परत आले, थांबले, मागे जाऊन तिसऱ्यांदा ओढलं.

मग वर येऊन त्यांनी सही केली.