करंगळीने धरलेला सा

हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नीलांबरी सबनीसला पेशंट चेहऱ्यापेक्षा आवाजाने जास्त ओळखतात. एक्स-रे काढताना काचेमागून "मोठा श्वास घ्या, रोखा, आता सोडा" असं सांगणारा जरासा घोगरा, मऊ आवाज तिचा. ती स्वतः मात्र कितीतरी वर्षं भलत्याच एका बाईच्या आवाजामागे आहे. त्या बाईचं नाव कुणाला ठाऊक नाही, आणि तिला जाऊनही खूप काळ लोटला असणार.

समीरच्या नोकरीपाठोपाठ ती पुण्याहून इथे आली तेव्हा ऋग्वेदा जेमतेम पावलं टाकत होती. नीलांबरीचं रेडिओग्राफर म्हणून रजिस्ट्रेशन व्हायला वेळ लागणार होता. समीर सकाळी धुक्यात गाडी काढून ऑफिसला निघून जाई आणि रोटोटुना या उपनगरातल्या त्या नव्या कोऱ्या घरात ती आणि पोर दोघीच उरत. रस्त्यावर माणूस दिसत नसे. एकदा जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात ती पोरीसाठी स्वेटर शोधायला गेली आणि कोपऱ्यात टेकवलेली गिटार घेऊन परतली. लहानपणी गाण्याच्या दोन-चार परीक्षा दिल्या होत्या, तेवढीच सुरांची ओळख. गिटारला तिने जन्मात हात लावला नव्हता.

"तुला कधी सुचलं हे?" समीरने विचारलं.

"घरात काहीतरी वाजलं पाहिजे रे," ती म्हणाली.

शिकायला म्हणून ती फ्रँकटनमधल्या एका हॉलमध्ये जमणाऱ्या फोक क्लबात जाऊ लागली, आणि तिथे तिला ग्रॅहम भेटला. शाळेत सुतारकाम शिकवून रिटायर झालेला, मिशाळ, कमी बोलणारा माणूस. त्याने तिला बोटं ठेवायला शिकवलं, आणि एक दिवस एक सीडी हातात दिली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतून केलेली जुनी फील्ड रेकॉर्डिंग्ज होती ती. अवजड मशीन गाडीत घालून कोणी कोणी गावोगाव हिंडत, ओसरीवर नाहीतर शेताच्या बांधावर लोकांना बसवत आणि त्यांचं गाणं टिपून घेत. वाजवणाऱ्यांचे फोटो क्वचितच असत.

"त्यामुळे हात दिसत नाहीत," ग्रॅहम म्हणाला. "तारा कशा लावल्यात, बोटं कुठे आहेत, सगळं कानाने शोधायचं. मोकळी तार घुमत राहते. दाबलेली तार बोट उचललं की मरते. एवढाच धागा आपल्याकडे."

नीलांबरीला हे फार आवडलं. तिचं कामच होतं बाहेरून न दिसणारं बघण्याचं.

त्या सीडीवर शेवटून दुसरं गाणं त्या बाईचं. लेबलवर गावाचं नाव होतं आणि पुढे नुसतं 'बाई, गिटार'. मागे कोंबड्या ओरडतात, एक दार करकरतं, कुठलंसं पोर खोकतं. आणि ती गाते, घरात कुणी नाही असं समजून बायका गातात तशी, अर्धं स्वतःशी. कापूस फुटायच्या आत येतो म्हणून गेलेला कुणीतरी आला नाही, एवढंच गाण्यात आहे. नीलांबरीने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती भांडी घासत होती. नळ बंद करून ती तशीच उभी राहिली. हातांवरचा साबण वाळून गेला.

हेच गाणं वाजवायचं, तिने ठरवलं. आणि इथे ती अडकली.

चाल साधी होती. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो, सा-ग, सा-ग, आणि बारीक तारांवर गाणं चालतं. पण बाईचा आवाज वर चढला की नेमका त्याच क्षणी खालचा सा नाहीसा व्हायचा आणि त्या जागी खालचा धैवत वाजायचा. पायरी चुकावी आणि तरी तोल जाऊ नये, तसा. दर कडव्याला. त्या एका धैवताने गाण्यात जे काही व्हायचं ते नीलांबरीला शब्दांत सांगता येत नसे. ती समीरला म्हणायची, "ऐक, आता... बघ, इथे." समीर मान हलवायचा.

ग्रॅहमचं मत ठाम होतं. बाईने तारा नेहमीच्या पद्धतीने लावलेल्याच नाहीत. "चाल वर गेली की हात गिटारच्या मानेवर वर सरकतो आणि जाड तार मोकळी पडते. ती तार तिने धैवतात लावलेली असणार."

"आणि बाकीच्या?"

"ते तू शोध. तुझे कान तरुण आहेत."

तिने शोधलं. नोकरी लागली, ऋग्वेदा शाळेत जाऊ लागली, घराचं कर्ज झालं, आणि त्या सगळ्यात ती तारा चढवत-उतरवत राहिली. एक जागा जुळली की दुसरी बिनसायची. नेहमीच्याच पद्धतीने लावलेल्या तारांवरची सी पोझिशन, म्हणजे सी कॉर्डची बोटांची ठेवण, तिने अगदी सुरुवातीला बघून सोडून दिली होती. त्यात अनामिका जाड तारेवर सा दाबून ठाम बसलेली असते; ती उठली तरच ती तार मोकळी होऊन धैवत देते. ती उठण्याचं काही कारणच नव्हतं. मुद्दाम उचलून पाहिली तर ठेकाच कोलमडायचा.

या खटपटीत ती बाकी पुष्कळ वाजवायला शिकली. एक खटकेबाज, उड्या मारणारी धून समीरला फार आवडायची. रविवारी सकाळी तो पोहे करायचा आणि ही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ती धून वाजवायची. ऋग्वेदा हेडफोन चढवून म्हणायची, "यू टू आर सो एम्बॅरसिंग."

मग तो शनिवार आला. बागेतल्या फांद्या छाटून झाल्या होत्या आणि त्या टाकून यायला शेजाऱ्याचा ट्रेलर आणला होता. ट्रेलरची दांडी गाडीच्या हुकावर बसवायची होती. समीर दांडी खाली घेत होता, नीलांबरी हाताने दिशा देत होती. "थांब," ती म्हणाली. समीरला ऐकू आलं "सोड." दांडी सुटली आणि तिचा डावा हात हुकावर सापडला.

तिच्याच डिपार्टमेंटमध्ये तिचा एक्स-रे निघाला. तिने स्क्रीन बघितली आणि डॉक्टर येण्याआधीच तिला कळलं. डाव्या हाताच्या अनामिकेचा मधला सांधा चुरला होता. ऑपरेशन झालं, हाडात तारा घातल्या, काढल्या. हातांची थेरपिस्ट महिनोन् महिने रबरी मातीचे गोळे दाबायला लावत होती. जखम भरली, पण बोट वाकेना ते वाकेचना. पेन्सिलीसारखं ताठ राहिलं.

"बोट वाचलं ना, झालं तर," पुण्याहून आई फोनवर म्हणाली. "डावाच तर हात आहे."

"हो ना," नीलांबरी म्हणाली.

 ऑपरेशननंतर ती हॉस्पिटलातून घरी आली तेव्हाच गिटार कोपऱ्यात नव्हती. समीरने ती गॅरेजमध्ये नेऊन ठेवली होती, तिच्या डोळ्यांसमोर नको म्हणून. तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. रविवारचे पोहे चालू राहिले. रेडिओ लावून.

कामावर हाताचे एक्स-रे आले की तिला जड जाई. प्लेटवर हात ठेवून घ्यायचा, "बोटं जरा पसरा" म्हणायचं. लोक सहज पसरत. दूध काढणाऱ्यांचे राठ हात, रग्बी खेळणाऱ्या पोरांचे सुजलेले, म्हाताऱ्यांचे गाठाळ. त्यांतल्या बहुतेकांची अनामिका वाकत होती, आणि त्यांतला एकही त्या बोटाने काही वाजवत नव्हता. हा विचार तिला स्वतःलाच लाजवायचा, तरी यायचा. गाडीत ती सीडी लावणं तिने बंद केलं. आणि तरी लाल सिग्नलला उभी असताना उजव्या हाताचा अंगठा स्टिअरिंगवर ठेका धरायचा, सा-ग, सा-ग.

पानं गळायला लागली त्या सुमारास समीर कामासाठी वेलिंग्टनला गेला होता. दुपारी ऋग्वेदा पोहायचे कपडे शोधायला गॅरेजमध्ये शिरली आणि गिटारची पेटी घेऊन बाहेर आली.

"आई, धिस वॉज बिहाइंड द बाइक्स. डू यू वॉन्ट इट?"

"ठेव तिथे सोफ्यावर."

"आर यू ओके?"

"हो गं. जा, उशीर होईल तुला."

मुलगी गेली. नीलांबरीने चहा केला, प्यायली, कप धुतला. मग पेटी उघडली. समीरची ती आवडती धून तिने मुद्दाम आधी वाजवून बघितली, म्हणजे एकदाचं कळलं असतं. पहिल्याच ओळीला हात थांबला. ते काही होणार नव्हतं.

मग अगदी पहिल्या दिवशी शिकलेला सी तरी धरता येतो का, म्हणून तिने बोटं लावली. तर्जनी आपल्या जागी गेली, मधलं बोट गेलं. सा दाबायला अनामिका नव्हती, म्हणून करंगळी ताणून त्या जाड तारेवर नेली. दुखलं, पण सूर निघाला. अंगठ्याने ठेका धरला. सा-ग, सा-ग. त्या ठेक्यावर तिच्या तोंडात आपसूक ते कापसाचं गाणं आलं. चाल वर चढली. वरचा सूर घ्यायला मोकळं बोट एकच होतं, सा धरून बसलेली करंगळी. ती उचलली, वर नेली. जाड तार मोकळी पडली आणि धैवत वाजला.

नीलांबरी थांबली. पुन्हा वाजवलं. दर वेळी आवाज वर जाई तेव्हा करंगळीला सा सोडावाच लागे, आणि तो सोडला की धैवताखेरीज दुसरं काही वाजणं शक्यच नव्हतं. ठेका कोलमडत नव्हता. रेकॉर्डिंगच्या पट्टीशी जुळावं म्हणून तिने सगळ्या तारा सारख्याच थोड्या उतरवल्या, ते लावलं आणि त्या बाईबरोबर शेवटपर्यंत वाजवलं. कुठेही बिनसलं नाही.

एवढ्या वर्षांनी कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण तिला आधी दिसलं ते त्या बाईचं न वाकणारं बोट. कशात सापडलं असेल? दारात, यंत्रात, की कुणी पिरगळलं? कुणी बघितलं असेल का त्याच्याकडे? तिला ना एक्स-रे मिळाला असेल, ना थेरपिस्ट. नीलांबरी रडली, बऱ्याच दिवसांनी, आणि कोणासाठी ते तिला नीट सांगता आलं नसतं.

समीर परत आल्यावर तिने त्याला समोर बसवून वाजवून दाखवलं. तो करंगळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला त्या दिवशी खरंच 'सोड' ऐकू आलं."

"माहीत आहे मला."

"तू कधी म्हणाली नाहीस."

"तू तरी कुठे विचारलंस," ती म्हणाली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्या रविवारी दोघं रॅग्लनला गेले. ग्रॅहम आता तिथे समुद्राजवळ बहिणीकडे राहत होता. कान बरेच गेले होते. गिटारच्या लाकडाला गाल टेकवल्यासारखा जवळ बसून त्याने ऐकलं. संपल्यावर त्याने मिशी चोळली.

"असेलही," तो म्हणाला. "पण माझ्या मनातून ते ट्यूनिंग अजून जात नाही."

"पुरावा नाहीच आहे," नीलांबरी म्हणाली.

"हात दाखव."

तिने हात पुढे केला. त्याने ते ताठ बोट दोन बोटांत धरलं, रंधा मारलेली फळी बघावी तसं वळवून बघितलं.

"आपण एवढी वर्षं तिची हुशारी शोधत होतो," तो म्हणाला, "आणि तू म्हणतेस बिचारीचं बोट मोडलेलं होतं."

"मोडल्यावरसुद्धा असं वाजवत होती. ती हुशारीच की."

 निघताना ग्रॅहमने पुन्हा एकदा वाजवायला सांगितलं.

आता नीलांबरी वाजवते. सगळं नाही, सी पोझिशनमधली तीन-चार गाणी, हळू चालीची. जुन्यांतलं बरंचसं गेलं ते गेलंच. समीरने एकदाच, पोहे परतता परतता, पाठमोऱ्याने विचारलं, "ती आपली उड्या मारणारी येते का गं थोडीशी?" तिने वाजवून बघितली. मधले मधले सूर गळत होते. "चालेल," तो म्हणाला, आणि दोघांनाही ठाऊक होतं की ती धून ही नव्हे. थंडीत सकाळी बोट ठणकतं. हातमोज्यात हात घालून गाडी गरम व्हायची वाट बघताना तिला वाटतं, ठणका कसा घालवायचा, हे त्या बाईला विचारायला हवं होतं. असल्या गोष्टी त्याच त्या दुखण्यातून गेलेल्या माणसाला विचारता येतात.

रेकॉर्डिंग ती अधूनमधून नुसतं ऐकते, गिटार न घेता. गाणं संपल्यावर मशीनवाल्या माणसाचा आवाज येतो. तो विचारतो, अजून येतात का गाणी? बाई म्हणते, येतात. मग खुर्ची सरकल्याचा आवाज होतो आणि टेप तुटते. नीलांबरी तरीही लगेच बंद करत नाही.